यंदाची कुरिंजी

“सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, भाग्यलक्ष्मी, पण दोन हजार सहा साली त्या डोंगरावरून उतरलो, तेव्हा माझा पांढरा शर्ट निळाशार झाला होता. फुलांचा रंग वाऱ्यानं उडून बसलेला! कितीदा धुतला, गेला नाही.”

“मागच्या वेळेला छत्री निळी झाली होती, काका,” कॉम्प्युटरवरची नजर न काढता भाग्यलक्ष्मी म्हणाली.

“छत्री हातातच होती ना! ती काय हैदराबादेत राहिली होती?”

आबिड्समधल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसच्या काउंटरमागं नामदेवरावांनी एकतीस वर्षं काढली होती. आता त्या खुर्चीवर त्यांनीच शिकवून तयार केलेली भाग्यलक्ष्मी बसत होती आणि नामदेवराव गिऱ्हाईक होऊन काउंटरच्या अलीकडं आले होते. बसत मात्र नव्हते. भिंतीवरच्या नकाशापाशी जायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे, कॅलेंडरची पानं पुढं उलटायचे, पुन्हा मागं आणायचे. पंख्याखालच्या सोफ्यावर त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या होत्या. चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवलेल्या बाई. आरामातसुद्धा त्या वर्गावर बसल्यासारख्याच बसायच्या.

जायचं होतं एरविकुलमला. मुन्नारजवळच्या डोंगरातलं ते राष्ट्रीय उद्यान. तिथं कुरिंजी बारा वर्षांतून एकदाच फुलते आणि डोंगरच्या डोंगर निळे होतात. तिथं कधी जावं, हे नामदेवरावांइतक्या ठासून अख्ख्या हैदराबादेत कुणी सांगत नसे. पावसाळ्यात धुक्यामुळं स्वतःचा हात दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चात रानबकऱ्या वितात म्हणून फाटक बंद. डिसेंबरात थंडी गुडघ्यात शिरते. मे महिन्यात पुढच्या माणसाची पाठ बघून परत यायचं. असा एकेक महिना बाद करत त्यांनी शेकडो कुटुंबं अगदी नेमक्या हंगामात वर पाठवली होती. बायकोला एकदाही नेलं नव्हतं. खरं सांगायचं तर स्वतःही गेले नव्हते. दोन हजार सहाला कुरिंजी फुलली, तेव्हा काउंटरवर इतकी झुंबड होती की रजाच मिळाली नाही. अठराला दोघांची तिकिटं खिशात होती, तर ऑगस्टच्या पुरात रस्ते वाहून गेले. आता पुढची कुरिंजी दोन हजार तीस साली.

आणि गेल्या मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी नामदेवरावांना एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, “बाईंचा काचबिंदू फार पुढं गेलाय. त्यांना काय दाखवायचं ते या वर्षात दाखवून टाका.” बाहेर येऊन त्यांनी बाईंना सांगितलं, “काही नाही, थेंब बदललेत.”

घरी त्यांनी सहलीचा विषय काढला, तर बाई म्हणाल्या होत्या, “फुलं नसताना कशाला एवढ्या लांब? गवत आणि बकऱ्या काय आपल्या कुकटपल्लीत नाहीत?” म्हणून आज सकाळीच त्यांनी भाग्यलक्ष्मीला फोन करून ठेवला होता : मी काय बोलेन त्याला तू नुसतं हौ म्हणायचं.

“तर असं आहे,” नामदेवराव येऊन बाईंच्या उजव्या बाजूला उभे राहिले, “कुरिंजी यंदाच फुलतेय. ऑक्टोबरात.”

“यंदा?” बाईंनी मान न वळवता विचारलं. “अठरा आणि बारा तीस होतात.”

“ते आपले. झाडांचं गणित तू कुठं घेतलं होतंस? तिथल्या जंगलखात्यात माझ्या ओळखीचा माणूस आहे, त्याचा फोन आला होता. म्हणतो, साहेब, अठराच्या पुरात झाडं अशी भेदरली की गिनतीच विसरली. एकेका पावसाची दोन-दोन वर्षं धरून बसली. आता कळ्या आल्यात आणि सगळं खातं परेशान. रानबकऱ्यांनी कळ्या चाखल्या, तर त्यांची तोंडं निळी!”

“खरं का गं, भाग्यलक्ष्मी?”

भाग्यलक्ष्मीनं उगाच दोन बटणं दाबली. “हौ, काकू. म्हणजे... काका म्हणतायत तर हौ.”

नामदेवरावांनी खिशातून एक फोटो काढला. अठरा साली कुणा गिऱ्हाइकानं आणून दिलेला. खालच्या कोपऱ्यातली तारीख अंगठ्यानं झाकून त्यांनी तो बाईंच्या उजव्या खांद्याशी धरला. “हे बघ. पहिली फुलं. कालच आलाय.”

“हं,” समोरच्या भिंतीकडं बघत बाई म्हणाल्या.

रागावली वाटतं, असं नामदेवरावांच्या मनात आलं. हात भरून येईपर्यंत त्यांनी फोटो तसाच धरून ठेवला.

“बरं,” बाई म्हणाल्या, “ऑक्टोबरचं करून टाका.”

एवढी मोठी थाप इतक्या सहज पचल्यावर गप्प बसतील ते नामदेवराव कसले! “आणि तीस साली परत जायचं!” ते दारापर्यंत जाऊन तिथूनच ओरडले. लगेच परत उजवीकडं येऊन उभे राहिले. “डॉक्टरच म्हणाले मला. या नव्या थेंबांनी डोळे अजून दहा वर्षं टकाटक. तू तर एकेक फूल मोजशील बघ...”

“खोटं.”

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं, तसं बाईंनी म्हटलं. रागानं नव्हे.

“फुलं खोटी. तो शर्टही खोटा. धुताना माझ्याच हातून नीळ जास्त पडली होती. तुम्ही ती कुरिंजीच्या नावावर खपवलीत, मीही गप्प बसले. ते सगळं चालतं हो. डोळ्यांचं तेवढं नको. बुधवारी मी स्वतः डॉक्टरांना फोन केला होता.” त्या काउंटरकडं वळल्या. “भाग्यलक्ष्मी, ऑक्टोबरच राहू दे. गवत बघू. फक्त घाट चढताना गाडीत मला डावीकडची खिडकी दे, बाळा. उजव्या डोळ्यानं दिवाळीपासून काही दिसत नाही.”

नामदेवरावांनी हातातला फोटो खिशात ठेवला. सोफ्याला वळसा घालून ते पलीकडं गेले आणि बाईंच्या डाव्या बाजूला बसले.