एकशे बारा नंबरचा पिंजरा

औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या उंदीरखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. वीस वर्षं तिने उंदरांची बाळंतपणं केलेली. "उंदराच्या तोंडाकडे बघून त्याच्या पोटातलं सांगते," असा तिचा तोरा.

या खेपेला काम होतं फिट्सवरच्या एका औषधाचं. निम्म्या नरांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. मग त्यांची पिल्लं तपासायची. बापाच्या बीजात बिघाड झाला असेल, तर तपकिरी पिल्लांत एखादं फिक्कं निघतं. पिंजऱ्यावर फक्त नंबर. औषध कुणाला नि पाणी कुणाला, ती यादी प्रयोग चालवणाऱ्या मॅडमच्या कपाटात कुलूपबंद. मोजणाऱ्याला कळलं की मोजणी वाकडी होते म्हणून.

मावशीचा लेक हेच औषध घेत होता. दोन वर्षांत एकही फिट नाही. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, उंदरांचा निकाल लागेपर्यंत मूल नको. सून अडतीस वर्षांची. नातवंडासाठी मावशीचा जीव टांगणीला लागला होता. कामावर मात्र तिने याची वाच्यता केली नाही. केली असती तर मोजणीवरून उचलबांगडीच झाली असती.

एकशे बारामध्ये तिला फिक्कं पिल्लू दिसलं. त्याचा बाप तिला पक्का आठवत होता. दिवसभर पेंगणारा, डिवचलं तरी न उठणारा. गोळी घेतल्यावर तिचा लेकही अस्साच पेंगायचा. म्हणजे हा औषधवालाच! झालं, आता हिला कोण समजावणार? तिने इकडेतिकडे पाहिलं, पिल्लाची मान दाबली, ते कचऱ्याच्या डब्यात तळाशी ढकललं आणि वहीत लिहिलं, 'आईने खाल्लं'. उंदरीण खातेच कधीमधी. कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणखी चार महिन्यांनी दोन वर्षं चाललेली मोजणी संपली. मॅडमनी कुलूप काढून यादी ताडून पाहिली.

"औषधाच्या बाजूला दोन फिक्की. दोन म्हणजे फार नाहीत हो, तेवढी आपोआपही निघतात. पण पाण्याच्या बाजूला एकही नाही. तिथे एखादं जरी निघालं असतं, तरी औषधावर बोट ठेवता आलं नसतं."

मावशीने अगदी सहज विचारल्यासारखं केलं, "एकशे बारा कुठला?"

मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं. "पाणी. का हो?"

तो पेंगणारा मेला जन्माचा आळशी होता, दुसरं काही नाही.

 मावशी गप्प राहिली तर औषध दोषी ठरणार, नातवंडाचं नाव सोडा. बोलली तर मोजणाराच खोटा ठरणार, सगळ्याच पिल्लांवर फुली आणि काम पुन्हा पहिल्यापासून. ती बोलली. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

घरी सून दारातच उभी होती. "लागला निकाल?"

"नाही. पुन्हा करायचंय. दोन वर्षं लागतील."

सून आत निघून गेली. लेक मात्र भडकला. "घोळ कुणी घातला? असल्या माणसाला कामावर ठेवतातच कसे?"

"नाही ठेवलं," मावशी म्हणाली आणि वीस वर्षं वापरलेला कामाचा डगला पिशवीतून काढून तिने खुर्चीवर ठेवला.