सहदेवरावांच्या घशातला धूर

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या मीटर रूमला आग लागली आणि सेक्रेटरी सहदेवराव भुवया करपवून हिरो झाले. चौथ्या मजल्यावरच्या रखमाबाईंना त्यांनी दहा मिनिटं धुरातून वाट काढत खाली आणलं, असं सोसायटीच्या ग्रुपवर आलं. टाकणारे तेच होते. रविवारी शाल-श्रीफळ ठरलं.

घडलं होतं एवढंच, की मीटर रूमचं दार उघडताच भपकन जाळ तोंडावर आला आणि सहदेवराव पळाले. रखमाबाई तोवर मागच्या जिन्याने उतरून बाकावर बसल्या होत्या.

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर कृतिकांनी सगळं लिहून घेतलं. बंद जागेत धूर, दहा मिनिटं. नाकातले केस करपलेले. आवाज बसलेला. आवाज खरं तर सकाळपासून हीच हकिकत सतरा जणांना सांगून सांगून बसला होता, पण फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

"श्वासनलिका आतून भाजली असेल तर सुजून बंद होऊ शकते. कॅमेऱ्याने बघू."

नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक नळी आत गेली. तिच्या टोकाच्या प्रकाशात आतला कोपरान्‌कोपरा दिसत होता. मग डॉक्टरांनी पडदा घरच्यांकडे वळवला. सहदेवरावांचा घसा गुलाबी, ओला आणि प्रामाणिक दिसत होता. काजळीचा ठिपका नाही.

"कमाल आहे. सूजही नाही. पण दहा मिनिटं धुरात होतात म्हणता, आणि सूज उशिराही येते. आयसीयूत ठेवते. आवाज आणखी बसला, तर नळी घालून व्हेंटिलेटर."

"कोणी सांगितलेलं हो आत शिरायला?" बायको योगिनी रडायलाच लागली. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

कोपऱ्यात थर्मास घेऊन बसलेल्या रखमाबाईंना सगळं ठाऊक होतं. "श्वास रोखून धरला असेल हो त्याने," त्या म्हणाल्या. "लहानपणी खाडीत पोहायचा."

शाल वाचली होती.

"मग श्वास रोखला होता, असं लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

सहदेवरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग योगिनीकडे.

"खोडा ते," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी आत गेलोच नव्हतो. दारातूनच पळालो."

डॉक्टरांनी आयसीयूही खोडलं. योगिनीने हात सोडला, डोळे पुसले, आणि पुन्हा धरला.

"मग रविवारची शाल मला द्या," रखमाबाई म्हणाल्या. "चार मजले मीच उतरले ना!"