दुसरा ब्रेक

आमच्या भिंगरीला बसता येत नाही. म्हणजे पाय धड आहेत, कंबर धड आहे, पण बूड टेकायचं नाव नाही. जेवते ती ओट्याला टेकून, अभ्यास करते तो खोलीत फेऱ्या मारत, आणि कॉलेज सुटलं की जी चालत सुटते ती अंधार पडता पडता उगवते. कुठे होतीस विचारलं तर म्हणते, "चालत होते." अगं, चालत होतीस ते दिसतंय, टाचांना फोड आलेत! पण कुठे? तर पुन्हा तेच. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिच्या बापानेच हे नाव ठेवलं होतं. तेव्हा आम्ही हसायचो. दादा गेल्यापासून त्या नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळते, पण हाक तर मारावीच लागते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भिंगरीचा बाप. आम्हा दोघांचं ड्रायव्हिंग स्कूल. दोन गाड्या, टपावर पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी दुसरा ब्रेक. अर्ध्या शहराला आम्ही गाडी शिकवली असेल, आणि त्यातल्या अर्ध्यांनी आमचा जीव टांगणीला लावलाय. तीन महिन्यांपूर्वी दादाचं हृदय बंद पडलं. काही दुखणं नाही, खुपणं नाही, सकाळी चहावरून माझ्याशी भांडून गेलेला माणूस.

तेव्हापासून जो उठतो तो पोरीला सावरायला. कॉलेजातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, तिला बोलतं करा. शेजारीण म्हणाली, तिला रडू द्या. वहिनीची बहीण म्हणाली, तिला कशात तरी गुंतवा. उंटावरचे शहाणे सगळे! पोर बोलत नाही, रडत नाही, आणि गुंतवायची तर आधी हाताला लागायला हवी ना?

वहिनीची तर वेगळीच तऱ्हा. पोर घरात थांबत नाही आणि आई घराबाहेर पडत नाही. खिडकीशी बसून मला फोन लावते, "तुझ्याजवळ आहे का गं ती?" मी वरच्याच मजल्यावर राहते, ऑफिस दोन गल्ल्या सोडून, तरी दिवसभर हेच. एकदा जिन्यात माझं मनगट धरून म्हणाली, "तो गेला. ही अशीच चालत चालत एक दिवस परत आली नाही तर मी काय करू? तू काहीतरी कर."

काहीतरी म्हणजे काय डोंबल करणार? मला येऊन येऊन एकच गोष्ट येते. भिंगरीला अठरा पूर्ण झाली होती, लायसन्सचं वय झालं होतं. तिला दादाच शिकवणार हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मी दोनदा तिच्या दारातून परत फिरले, मग विचारलं. ती म्हणाली, "चल." इतक्या पटकन म्हणाली की माझ्यासारखीला संशय यायला हवा होता. पण मी आपली खूश.

तिने सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा बांधला. क्लच असा सोडला की गाडी निघाल्याचं कळलंही नाही. आमच्याकडे महिना महिना गाडीला उचक्या लावणारे महाभाग आहेत, आणि हिने पहिल्याच दिवशी कमाल केली. बापाची लेक! घरी येऊन मी वहिनीला म्हटलं, "बघ, तासभर बसली एका जागी." वहिनी म्हणाली, "गाडीत बसणं म्हणजे काय बसणं का गं?"

दुसऱ्या दिवशी मी सांगितलेला रस्ता तिने धाब्यावर बसवला. "मला बाबांचा रस्ता हवा. नव्या माणसांना ते नेतात तो." ऑफिसपासून पेट्रोलपंप, मग गोल चौक, शाळेची लांबलचक भिंत आणि पुढे दुकानांची ओळ. मी म्हटलं, "तिकडे फार गर्दी असते." म्हणाली, "बाबांना चालायची ना?" गेलो मग.

दुकानांच्या ओळीत गाडी गचकन थांबली. मागच्याने हॉर्नवर हातच ठेवला.

"आत्या, ब्रेक का दाबलास?"

"मी कुठे दाबला?"

"मग काय भुताने दाबला?"

"सायकलवाला आला होता."

सायकलवाला नव्हता. खाली बघितलं तर माझा पाय ब्रेकवर. हा आमच्या धंद्यातला रोगच आहे, पाय ऐकत नाही. बसमध्ये बसले तरी मी ब्रेक दाबते, पुढे पत्रा असतो. एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्ची मागे कलली तेव्हाही दाबला होता, ट्रे उडाला त्यांचा. म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. भिंगरी हसली नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, गाद्यांच्या दुकानासमोर. या खेपेला मी मांजर पुढे केलं.

आता तुम्हाला सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्याकडे भिंगरीसारखे डोळे बारीक करून बघाल. दादा त्या गाद्यांच्या दुकानासमोर गेला. याच गाडीत, मी बसते त्याच सीटवर. पोरीला आम्ही सांगितलं की हॉस्पिटलात गेला, झोपेत, शांतपणे. हे वहिनीने ठरवलं. मी मान डोलावली ती माझ्या कारणाने, पोरीच्या कॉलेजचा रस्ता तिथूनच जातो. रोज जाता-येता तिने ती जागा बघायची? आणि वहिनीने स्वतः तरी कुठे ऐकून घेतलं? 'गाडीत गेला' एवढे दोन शब्द ऐकले आणि कानांवर हात ठेवले. "मला पुढचं काही सांगायचं नाही. कधीच नाही." त्या वेळी गाडी चालवत असलेल्या बाई नंतर भेटायला आल्या, तर कोण आलंय हेही न विचारता तिने दार बंद ठेवलं. मला तेव्हा हे पटलं होतं. सोळा लोकांनी सतरा सल्ले दिले असते, त्यापेक्षा हे बरं, असंच वाटलं.

चौथ्या दिवशी भिंगरीने गाडी थेट दुकानांच्या ओळीत आणली. माझा पाय पडला. ती पुढच्या चौकातून वळली आणि मागच्या रस्त्याने फिरून पुन्हा त्याच ओळीत शिरली. मी दोन्ही पाय सीटखाली घेतले, आता पोटाशी घ्यायचेच बाकी होते. गाद्यांचं दुकान आलं आणि मेल्या पायाने दगा दिला. फोन वाजायला लागला, वहिनी. मी उचलला नाही.

"अगं, घरी चल! पेट्रोल काय नळाला येतं?"

ती पुन्हा वळली. वेग वाढला होता. ओठ आत ओढून घेतलेले, नजर आरशात नाही, रस्त्यावर नाही, माझ्या गुडघ्यावर. मी ओरडले, "पुढे बघ!" तिने बघितलं. आणि तिसऱ्यांदा माझा पाय पडायच्या आत तिनेच गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

"इथे ना?"

"इथे काय?"

"आत्या, पुरे आता." तिचा आवाज चिरकला. "मी हॉस्पिटलात जाऊन विचारलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, रस्त्यावरूनच आणलं होतं, आणलं तेव्हाच संपलं होतं सगळं. रस्त्यावरून म्हणजे कुठून? बाबांचे सगळे रस्ते मी चालून काढले. प्रत्येक वळणावर उभी राहिले. वाटायचं, जागा दिसली की कळेल आपल्याला. काही कळत नाही गं. कुणाला विचारणार? एकेका दुकानात शिरून म्हणू, अहो काका, माझे बाबा तुमच्या दारात मेले का?"

मला वाईट वाटलं की मी आधी भडकते, माझा स्वभावच तसा. "मला विचारायला काय झालं होतं? मी काय मेले होते?"

"तुलाच विचारलं होतं पहिल्यांदा. तू म्हणालीस, झोपेत."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का! तीन महिने आम्ही दोघी बायका झाकत बसलो होतो आणि ही पोर एकटी रस्तोरस्ती बापाला शोधत होती. मला माझीच इतकी चीड आली की डॅशबोर्डवर मूठ आपटली.

"हो," मी म्हटलं. "इथेच."

तिने काचेतून बाहेर बघितलं. दुकानदार एका गिऱ्हाइकाला गादी दाबून दाखवत होता.

"सगळं सांग. गाळू नकोस काही."

मग मी सांगितलं. गणित शिकवणाऱ्या एक बाई शिकायला यायच्या, हुशार, पण गिअर टाकताना हाणामारी करायच्या. दादा त्यांना म्हणाला, "बाई, गिअर आहे तो, हातपंप नाही." त्या हसल्या, तोही हसला. मग म्हणाला, "जरा थांबू या." ब्रेक त्यानेच दाबला, या दुसऱ्या ब्रेकने. गाडी कडेला, हँडब्रेक वर, किल्ली काढून बाईंच्या हातात. मग डोकं मागे टेकलं. बाईंनी ओरडून माणसं गोळा केली. गादीवाला पळत आला, डोक्याखाली घ्यायला नवी कोरी उशी घेऊन. प्लास्टिक काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. बाईंनी दादाचा हात सोडला नाही. त्यांनीच मला फोन केला, मी धावत आले.

"हातपंप?" भिंगरी म्हणाली.

"हातपंप."

तिला हसू फुटलं. खो खो हसली, स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मोठ्याने, लहान मूल रडतं तशी, नाक-डोळे एक करून. मला हे सहन होत नाही. तरी मी गप्प करायला गेले नाही, पाठीवर नुसता हात ठेवला.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "दुखलं असेल का त्यांना?"

"दुखलं असणार. फार वेळ नाही. आता खोटं कशाला बोलू?"

"आणि तू काय केलंस, आलीस तेव्हा?"

"शिव्या घातल्या त्याला. हात कोमट होता अजून. ऊठ म्हटलं, नाटकं करू नकोस म्हटलं. दुसरं काही सुचेना मला."

तिने मान डोलावली, जणू हेच बरोबर होतं. मग पट्टा सोडला, खाली उतरली आणि माझ्या बाजूचं दार उघडलं. "आत्या, मला बसू दे."

मी उठले. ती त्या सीटवर बसली, पाय पुढे घेतले, डोकं मागे टेकलं. डोळे मिटले नाहीत, समोर बघत राहिली. मी फुटपाथवर उभी, येणारे-जाणारे मलाच चुकवून जात होते, आणि माझेही डोळे वाहत होते. वाहू दे, म्हटलं.

पुन्हा फोन. "तुझ्याजवळ आहे का गं?" वहिनी रडकुंडीला आली होती. मी तोंड उघडायच्या आत भिंगरीने खिडकीतून हात बाहेर काढला. दिला तिच्याकडे.

"आई, मी बाबा गेले तिथे बसलेय." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला कळलंय सगळं. आत्याला ओरडू नकोस. गाद्यांचं दुकान आहे बघ, कॉलेजच्या रस्त्याला. तू ये ना. मला तू इथे हवी आहेस."

फोन बंद झाला. येत नाही ती, मी मनात म्हटलं. पेपर आणायलासुद्धा खाली न उतरलेली बाई.

आली. चालत आली, घरातल्या सपाता पायात, केस तसेच. गाडीपासून चार हात लांब थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पोरीकडेही नाही. दुकानं बघितली, फुटपाथवरची माणसं बघितली, फळवाल्यापुढची रांग, समोरच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या बायका बघितल्या.

"इथे?" ती म्हणाली. "एवढ्या माणसांत?"

"हो आई."

"मला वाटायचं, तो एकटा होता." वहिनीने गाडीच्या टपाचा आधार घेतला. "मला रोज दिसायचं, ओसाड रस्ता आहे आणि तो एकटाच आहे गाडीत. हाक मारतोय. म्हणून मला ऐकायचं नव्हतं."

'नव्हता' एवढ्या एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द तीन महिने माझ्या तोंडात पडून होता.

भिंगरी उतरली. आईला दोन्ही हातांनी धरून तिने मागच्या सीटवर बसवलं, स्वतः तिला चिकटून बसली. "नव्हते गं एकटे," ती म्हणाली. "ऐक, पहिल्यापासून सांगते." आणि सांगायला लागली. उशीचं तिने बाईंच्या फोनच्या नंतर सांगितलं, ते आधीचं होतं, पण मी मध्ये बोलले नाही.