चहात काय घातलंस?

मेलो बांधावर आली तेव्हा हार्वेस्टर उभ्या गव्हात बंद पडल्यागत थांबला होता आणि तिचा नवरा जगसीर शिसवीच्या झाडाखाली घशात बोटं घालून ओकत होता.

तिच्या डोक्यावर कडाह-प्रसादाचं पातेलं होतं. जगसीरनं भुक्की सोडल्याला आज वरीस झालं होतं. सकाळी गुरुद्वाऱ्यात अरदास करून तिनं तुपात कणीक परतली होती, सगळ्या टोळीला गोड खाऊ घालायचं म्हणून भर उन्हात कोसभर चालत आली होती.

"ऊन लागलं का वो?"

जगसीरनं तोंड पुसलं. "चहात हाय. भुक्की उकळलीया चहात."

अफूच्या बोंडांचा तो भुगा. हार्वेस्टरचा मालक बचित्तरसिंग दर हंगामात आपल्या टोळीला तो पाजायचा, म्हणजे माणसं दीड-दीड दिवस डोळा न मिटता यंत्रावर बसायची. जगसीर नऊ वर्षं असा बसला होता. सोडली तेव्हा त्याची हाडं फुटायची, भिंतीवर डोकं आपटायचा, आयाबायांवरनं शिव्या द्यायचा. मेलो दाराला आडवी झोपायची आणि लाथा खायची, पण दार सोडायची नाही.

"किती पिलासा?"

"एक घोट. चव कळली आन् थुकलो." तो खाली बघत राहिला. "खोटं न्हाई सांगत, मेलो. दुसरा घोट घ्यावा वाटला. लई वाटला."

मेलोच्या अंगाचा भडका उडाला. पातेलं तिथंच ठेवून ती ट्रॉलीकडं निघाली. सावलीत बचित्तर बसला होता आणि त्याचा जुना माणूस नचत्तर चुलीवरच्या किटलीतनं पेले भरत होता.

"चाचा, चहात काय घातलंस?"

"आगं पोरी, वाईच ताकदीचं हाय. पश्चिमेकडं बघ, आभाळ कसं काळं झालंय. गारा पडल्या म्हंजे? मानसं पेंगून कसं चालंल?"

"वरीस झालं त्येला! तुला ठावं व्हतं!"

"मग एका पेल्यानं काय मरतोय व्हय?"

मेलोनं लाथ घातली. किटली चुलीवरनं उडाली, चहा राखेत चरचरला. नचत्तर पेला टाकून मागं सरला.

"आन् तू रं, नचत्तर? तू वतलास न्हवं त्येच्या पेल्यात? त्यो आजारी व्हता तवा उशाशी बसून रडलावतास. त्योच का तू?"

नचत्तरच्या डोळ्यांच्या बाहुल्या नशेनं टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

बचित्तर उठला. "लई झालं. जगसीर, नीघ माझ्या कामावरनं. गाडी नचत्तर चालवंल."

"माझ्या रानात न्हाई चालवायचा."

गव्हाची मालकीण, हरनाम कौर, काठी टेकत पुढं आली. सारं गाव तिला बेबे म्हणायचं. "माझा धाकटा ल्योक तुझ्याच हार्वेस्टरवरनं पडून गेला, बचित्तर. उन्हानं चक्कर आली म्हनालास. म्याबी खरं मानलं. त्यालाबी ह्योच चहा पाजलावतास का?"

बचित्तरनं पायानं सांडलेली राख सारली.

"बोल की!"

"बेबे, गारा येत्यात. दाना हाती लागायचा न्हाई तुझ्या."

"गेला तर जाऊ दे. शुद्धीतला मानूस बसंल, न्हाईतर यंत्र बाहेर काढ. पुढली रानं माझ्या दिरांची हायेत. हितनं तिकडंच जाती आन् सांगती."

बचित्तरनं आभाळ पाहिलं, पुढची पिवळी रानं पाहिली आणि पचकन थुंकला. "बसू दे त्येला."

"म्या चालवीन," जगसीर म्हणाला, "पर बेबेसाठी. हे रान झालं की तुझं माझं मिटलं."

बेबे मेलोकडं वळली. "त्ये पातेलं आन. परसाद हाय, राग त्येच्यावर काढू नगं."

मेलोनं कडाह वाटला; एकेकाच्या हातावर चापट मारल्यासारखा घास ठेवत गेली. बचित्तरपुढं आली तेव्हा तिचा हात थबकला, मग त्यालाही दिला. त्यानं तिच्या नजरेला नजर न देता खाल्ला.

जगसीर चढला. मेलो त्याच्या पायाशी पत्र्यावर बसली. भुसकट डोळ्यांत जात होतं, घामावर चिकटत होतं. तो जांभई द्यायला लागला की ती गूळपाणी पुढं करायची. दोनदा त्याचा हात इतका कापला की त्यानं यंत्र थांबवलं. दोन्ही वेळा ती घाई कर म्हणाली नाही.

सहा एकरांतले चार निघाले आणि गारा आल्या. सुपारीएवढ्या. सगळे ताडपत्रीखाली घुसले. उरलेला गहू डोळ्यांदेखत लोळला. बेबे बघत राहिली, एकदाच नाक शिंकरलं.

नचत्तर सरकत सरकत मेलोच्या शेजारी आला. दात वाजत होते त्याचे.

"भाभी, भुक्की सोडल्यावर जगसीरला झोप किती दिसांनी लागली?"

मेलोनं त्याच्याकडं पाहिलं. थोबाडीत द्यावी असं मनात आलं तिच्या.

"चाळीस दिसांनी."

"चाळीस..."

"उद्या सकाळी घरला ये. बायकूला सांगून ये, चार कापडं घिऊन ये." गारांच्या आवाजावर तिनं आवाज चढवला. "आन् ऐक, माझ्याकडनं गोड बोलन्याची आशा ठिवू नगंस. माझा राग जायला लई दीस लागतील. दार मातुर उघडं ऱ्हाईल."