बाळाआधी वरवंटा

मित्रांनो, पडदा सगळ्यांना दिसतो; त्याची दांडी पेलणारा कुणाच्या नजरेत भरत नाही. मी तोच, एक जुना लोखंडी ब्रॅकेट. बेलापूरच्या भीमा लोहाराने मला आणि माझ्या जोडीदाराला एकाच पट्टीतून घडवलं. राहीबाईंच्या दगडी घरात आम्ही दाराच्या सागवानी चौकटीवर घट्ट बसलो होतो. आमच्या दांडीला झोळी बांधून त्यांचा वैजनाथ लहानाचा मोठा झाला. "पोरगं यांनीच झोपवलं," असं राहीबाई म्हणत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. लोखंडाला मांस कसलं, ते विचारू नका.

पुढे वैजनाथने श्रीरामपुरात फ्लॅट घेतला. मोठी खोली जिप्सम बोर्डाने दुभागली आणि मधल्या दाराच्या पडद्यासाठी आम्हाला आणलं. दाराच्या कडेला बोर्डाच्या आत आधाराची लोखंडी पट्टी होती. पण दांडी लांब, म्हणून आम्ही पट्टी सोडून नुसत्या बोर्डावर गेलो. वैजनाथने भोक पाडलं, प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला. माझ्या पाठीमागे सगळं पोकळ. पडदा सरकला की स्क्रू हले, पांढरा भुगा पडे. वैजनाथची बायको आरती तो झाडून टाकी आणि माझा जीव टांगणीला लागे.

त्यांना मुलगी झाली. राहीबाई जुनं लुगडं घेऊन आल्या आणि त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं.

"झोळी हितंच बांधू. वैजूचीबी यांच्यावरच हुती."

मला ओरडून सांगायचं होतं, लोखंड तेच आहे हो, भिंत ती नाही. पण ब्रॅकेटला कुठलं आलंय तोंड! गाठी आवळल्या गेल्या. आरती रडतं बाळ घेऊन झोळीशी आली. मी मनातल्या मनात हात जोडले.

"थांब. आदी वरवंटा निजव," राहीबाई म्हणाल्या. "नव्या झोळीत आदी लेकरू घालू न्हाई."

"आई, रडून लाल झालीय ती. राहू द्या ना तो दगड."

"रडू दे. वरवंटा आन."

मिक्सरमागे पडलेला वरवंटा आला. राहीबाईंनी तो झोळीत ठेवून झोका दिला. दुसऱ्या झोक्याला गिट्टी निसटली. मी, दांडी, झोळी, वरवंटा, सगळे धाडकन खाली आलो. फरशीला तडा गेला.

राहीबाई आरतीच्या हातातल्या बाळाकडे वळल्या. बाळाचा पाय त्यांनी घट्ट धरला. "म्याच घातली असती गं हितं."

"घातली नाही ना, आई," आरती म्हणाली. दोघी रडत होत्या.

संध्याकाळी वैजनाथने भिंत बोटाने वाजवली आणि खाली मान घातली. झोळी छताच्या कडीला गेली. मला त्याने भिंतीमागे पंख उघडणारे बोल्ट लावले आणि फक्त पातळ पडदा दिला.

मित्रांनो, आमच्यावर भार टाकण्याआधी आमच्या पाठीमागची भिंत एकदा वाजवून ऐका. मजबूत दिसणाऱ्यालाही मागे कुणीतरी लागतंच.

परवा ती मुलगी माझा पडदा धरून पहिल्यांदा उभी राहिली, त्या तडा गेलेल्या फरशीवरच. पडदा ताणला गेला. मी जीव मुठीत धरला. भुगा पडला नाही.