मेट्रनबाईंची तालीम

रुग्णालयांना खाटा विकायचं काम सूनबाईला नवीनच मिळालं होतं आणि पहिल्या दोन बैठका हातच्या गेल्या होत्या. तिसरी गेली, तर पुन्हा टेलिफोनच्या टेबलावर बसायचं, असं साहेबांनी सुनावलं होतं. त्यात गाठ पडणार होती एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रमुख, मेट्रनबाईंशी. भलेभले विक्रेते त्यांच्यापुढून शेपूट घालून परत आले होते.

म्हणून पाच दिवस स्वयंपाकघरात तालीम चालली. मेट्रन झाल्या सासूबाई. या भूमिकेसाठी त्यांना वेगळी तयारी करावी लागली नाही.

"ही खाट अतिशय आधुनिक..."

"आमच्या जुन्या काय वाईट आहेत?"

"आई, निदान वाक्य तरी पुरं करू द्या!"

"ती बया देणार आहे का? बोल पुढे."

सूनबाई एकदा रडली, एकदा झारा आपटून निघून गेली. पाचव्या दिवशी मात्र ती एकाही प्रश्नाला अडली नाही.

बैठकीचा दिवस उजाडला. नमुन्याची खाट मेट्रनबाईंच्या खोलीत लावून तिनं तोंड उघडलं.

"ही खाट अतिशय..."

"आमच्या जुन्या काय वाईट आहेत?" मेट्रनबाई कडाडल्या.

"आई, निदान वाक्य तरी पुरं करू द्या!"

बोलून गेली आणि तिचे कान तापले. संपलं सगळं!

"आई कोण?"

"माझ्या सासूबाई. पाच दिवस त्या तुम्ही झाल्या होत्या."

"बरं जमलं का त्यांना?"

"तुमच्यापेक्षा कडक होत्या."

मेट्रनबाई खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "करा वाक्य पुरं."

आता भीती कुणाची? "जुन्या खाटेवरच्या रुग्णाला बसतं करायला दोघी लागतात. इथे एकटीला जमतं. तुमच्याकडे दरवेळी दोघी असतात?"

"एक मिळाली तरी नशीब," म्हणत मेट्रनबाईंनी स्वतः दांडा फिरवून पाहिला. मग प्रश्नांची सरबत्ती झाली. सूनबाईनं एकेक उत्तर ठणकावून दिलं आणि चाळीस खाटांच्या कागदावर सही घेऊनच ती बाहेर पडली. असा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

जिन्यातूनच तिनं घरी फोन लावला.

"आई, चाळीस!"

"थांब, शेजारी सांगून येते," म्हणून सासूबाईंनी फोन तसाच टेबलावर टाकला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण तोंडावर कौतुकाचा शब्द म्हणून नव्हता. आता पलीकडून खणखणीत आवाज येत होता, "अहो, त्या मेट्रनला पुरून उरली माझी सून! हुशारच आहे ती, पहिल्या दिवसापासून सांगते मी."

सूनबाई फोन कानाला लावून ऐकत राहिली.