पुढील आदेशापर्यंत

घाटकोपरच्या त्या कॉलेजच्या फी खिडकीवर नंदकिशोर देवस्थळींनी प्रश्न विचारला, तेव्हा मागे उभे असलेले पालक एकमेकांकडे बघून हसले. प्रश्न साधाच होता. मुलीला कंपनी कोणती मिळाली?

खिडकीतले भाऊराव पावतीवर शिक्का मारता मारता थांबले. "साहेब, बेचाळीस हजार भरलेत ना? पावती हातात आली ना? मग आता कंपनी कशाला पाहिजे तुम्हाला?"

"अहो, कामाच्या सत्राची फी ही. म्हणजे पोरीने कुठेतरी काम करायला हवं ना?"

"अभ्यासक्रमात कामाचं सत्र आहे. कंपन्या नाहीत. गेल्या दोन वर्षांत एकच आली. तीपण आम्हाला पाण्याचा फिल्टर विकायला." भाऊरावांनी एक जाडजूड डायरी खिडकीतून सरकवली. "सोळा आठवडे, दिवसाला एक पान. कंपनी, पत्ता, साहेबाचं नाव, सगळं तुम्हीच भरा. आमचं काम आम्ही आधीच उरकलंय."

नंदकिशोरांनी डायरी उघडली. प्रत्येक कोऱ्या पानाच्या तळाशी जांभळा शिक्का होता : 'तपासले'. दुसरा कुणी असता तर भडकला असता. पण हा माणूस एकतीस वर्षं सरकारी कार्यालयात काढून मार्चमध्येच निवृत्त झाला होता. कोऱ्या पानावरचं 'तपासले' बघून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

"आणि जास्त लिहू नका हां," भाऊराव मागून म्हणाले. "बाकीचे 'कामाचे निरीक्षण केले' एवढंच लिहितात. रोज तेच. बरं असतं ते."

घरी, मुलुंड पूर्वेला, गार्गीने बातमी ऐकून सोफ्यावरच लोळण घेतली. "झकास! म्हणजे चार महिने सुट्टी? बाबा, तूच लिही ना यार. चार ओळी खरड, झालं."

"चार ओळी!" नंदकिशोर दुखावले.

त्यांची बायको वसुधा शाळेत गणित शिकवायची. तिच्या कानावर गेलं असतं तर तिने दोघांना पायताणाने मारलं असतं, म्हणून तिला सांगायचं नाही असं बाप-लेकीत ठरलं. तिला सांगितलं, मुलुंड पश्चिमेला ऑफिस मिळालंय.

नंदकिशोरांची नोकरी रजा-नेमणुकांचे आदेश आणि मुख्यतः इतिवृत्तं लिहिण्याची होती. बैठक झाली तर इतिवृत्त, नाही झाली तर अधिक चांगलं इतिवृत्त. त्यांच्या एका इतिवृत्तात तर तीन दिवसांपूर्वी वारलेल्या अध्यक्षांनी उपस्थितांचे आभार मानले होते, आणि त्यावर ऑडिटनेही हरकत घेतली नव्हती. अशा माणसाला 'कामाचे निरीक्षण केले' लिहायला सांगणं म्हणजे भीमसेनी आवाजाच्या गवयाला रिक्षाचा हॉर्न वाजवायला बसवणं.

कंपनीचं नाव त्यांनी ठेवलं 'निरंतर सर्व्हिसेस'. पत्ता दिला ज्योतिर्मय इंडस्ट्रियल इस्टेटचा. पश्चिमेला पेन्शनच्या कामासाठी जाताना ती करडी इमारत नेहमी दिसायची. इमारत दोन मजली होती, म्हणून कंपनी त्यांनी तिसऱ्या मजल्यावर टाकली. उगाच खऱ्या माणसाला त्रास नको. साहेबांचं नाव श्री. श्यामसुंदर. मग रंग भरत गेले. गार्गीचं टेबल खिडकीशी. खिडकीच्या काचेला तडा, त्यावर खाकी चिकटपट्टी. कपाटावर मासे नसलेली काचेची पेटी. 'इतर दहा कर्मचारी कामात मग्न होते.' दुपारी जेवणानंतर एक पान लिहायचं, कपाटात ठेवायचं, चावी पायजम्याच्या नाडीला. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना दुपार छोटी वाटू लागली.

दुसऱ्या आठवड्यात गार्गी सकाळी साडेआठला अंघोळ करून, केस बांधून दारात उभी राहिली.

"कुठे गं?"

"ऑफिसला," ती म्हणाली, आणि गेली.

नंदकिशोरांना वाटलं, आईला दाखवायला नाटक करतेय. मैत्रिणीकडे पडीक असेल दिवसभर. किंवा कुणीतरी मुलगा असेल. त्यांनी बापाच्या जातीला शोभेल इतपत काळजी केली आणि दुपारी पान लिहायला घेतलं. त्या दिवशी साहेबांनी नवीन चहावाला लावला होता, आणि त्याच्या चहात आलं फार होतं.

संध्याकाळी गार्गीने चप्पल काढता काढता घसा खाकरला. "आई, साधं पाणी दे गं. त्या नवीन चहावाल्याने आल्याचा काढाच पाजला. वाट लागली घशाची."

नंदकिशोरांनी चावी चाचपली. नाडीलाच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम लिहिलं, 'शिक्क्याची शाई सांडल्याने तारांबळ'. गार्गी आली ती उजव्या हाताची तीन बोटं जांभळी घेऊन. त्यानंतर लिहिलं, 'अर्ध्या दिवसाची सवलत'. दोन वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने डायरी गॅसवर धरली असती. पण नंदकिशोरांना भीतीच्या आधी आनंद झाला, आणि त्याला इलाज नव्हता. एकतीस वर्षांत त्यांच्या इतिवृत्तांतल्या एकाही निर्णयाची अंमलबजावणी झाली नव्हती. एकाही. आणि इथे दुपारी लिहिलेलं संध्याकाळी घरात हात धुऊन जेवायला बसत होतं.

त्यांनी हात सैल सोडला. गार्गीच्या टापटिपीचं कौतुक झालं. तिच्या सूचनेवरून फायलींची नवी मांडणी झाली. वसुधा खूश होती. "बघा, पोरगी किती सुधारली," ती म्हणायची. गार्गी सुधारत होतीच. आधी मैत्रिणींचे फोन बंद झाले. मग 'यार' गेलं. एका रविवारी वसुधाने विचारलं, भाजी कुठली करू, तर गार्गी भिंतीकडे बघत म्हणाली, "सदर बाब आपल्या स्तरावर निश्चित करण्यात यावी."

वसुधा पोट धरून हसली. नंदकिशोरही हसले. वाक्य त्यांचंच होतं, अकराव्या आठवड्यातलं.

एकदा त्यांनी गार्गीला हळूच विचारलं, "ऑफिसात जेवतेस कुठे?"

ती विचारात पडली. "जेवत नाही," ती म्हणाली. डायरीत जेवणाचा उल्लेख नव्हता, हे नंदकिशोरांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी पुढच्या पानावर अर्धा तास जेवणाची सुट्टी घातली आणि विषय मिटला असं धरून चालले. मुलीचे गाल बसले होते, ते त्यांनी परीक्षेच्या काळजीवर टाकलं. परीक्षा नव्हती.

सोळाव्या आठवड्यात समारोप करायचा होता. नंदकिशोरांनी आधी श्यामसुंदर साहेबांना सेवानिवृत्त केलं. त्यांचा निरोप समारंभ तीन पानं चालला. स्वतःच्या निरोपाला वेफर्स आणि बारा माणसं होती, ती कसर त्यांनी भरून काढली. राहिलं शेवटचं पान. इथे बापाचा जीव आड आला. इतकी चांगली जागा. खिडकीशी टेबल, साहेब चांगले, जायला यायला जवळ. पोरीचं बूड एकदा टेकलंय तर उठवायचं कशाला? आयुष्यभर हंगामी माणसांना नोकरीत टिकवण्यासाठी ते जे वाक्य लिहीत आले होते, तेच हाताच्या सवयीने उतरलं : 'सदर प्रशिक्षणार्थीच्या सेवा पुढील आदेशापर्यंत चालू ठेवण्यात येत आहेत.' खाली साहेबांची सही ठोकली. शुक्रवारी दुपारी डायरी भाऊरावांच्या खिडकीत देऊन पोच घेतली.

त्या संध्याकाळी गार्गी आली नाही.

आठ वाजता फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता, ती व्यक्ती सध्या कार्यालयात आहे."

"ऑफिसचा नंबर द्या," वसुधा म्हणाली. "नंबर नाही? मग पत्ता सांगा, मी जाते. अहो, बोला ना!"

नंदकिशोरांनी सगळं सांगितलं. कंपनी नाही, साहेब नाही, तिसरा मजला नाही.

वसुधाने ऐकून घेतलं. ती रागावली नाही, हे जास्त वाईट होतं. "मग चार महिने माझी पोरगी जात कुठे होती?"

रात्रभर दोघं नातेवाईक, मैत्रिणी, पोलीस करत राहिले. पोलिसांनी विचारलं, शेवटची कुठे होती? नंदकिशोर म्हणाले, ऑफिसात. तशी नोंद झाली.

शनिवारी सकाळी खिडकी उघडताच नंदकिशोर भाऊरावांसमोर उभे. "शेवटचं पान बदलायचंय."

"गठ्ठा बांधून अभिलेखात गेला, साहेब." भाऊरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जास्त लिहिलंत ना? सांगितलं होतं. आता तिथल्या साहेबाचा नवा आदेश लागेल. तो आणा, मी लावून घेतो."

"तिथे साहेब नाही."

"असं कसं? सही आहे की."

ज्योतिर्मय इस्टेटच्या फाटकाशी सहदेव नावाचा वॉचमन खुर्ची उन्हात ओढून बसला होता. "तिसरो माळो? खंय तो? हंय दोनच आसत," तो म्हणाला. "पण एक चेडू रोज सकाळी वर जाता. माका वाटला, गच्चीर टॉवरचा काम असात."

"काल खाली आली?"

सहदेवने डोकं खाजवलं. "काल नाय बघूक."

पहिला मजला झाला, दुसरा झाला. त्यापुढे जिना होता. नुसता जिना. कठडा नव्हता, भिंतीला रंग नव्हता, कारण जिन्याचं वर्णन नंदकिशोरांनी कधी केलंच नव्हतं.

वर दार उघडंच होतं. कपाटावर काचेची पेटी, खिडकीला खाकी पट्टी. खिडकीबाहेर मात्र काहीही नव्हतं. अंधार नव्हता, उजेडही नव्हता. दहा कर्मचारी कामात मग्न होते. नंदकिशोर त्यांच्या पुढच्या बाजूला जायला निघाले, तर पुढेही पाठच होती. वाकलेली, मग्न. पाठीला वळसा घालून ते मूळ जागी आले आणि त्यांनी तो नाद सोडला.

गार्गी खिडकीशी बसली होती. कागद उजवीकडून उचलायचा, डावीकडे ठेवायचा.

"गार्गी. चल घरी."

"सदर विषय माझ्या अधिकारकक्षेत येत नाही," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. त्यांनी दंड धरून ओढलं. टेबल ओढल्यासारखं वाटलं. ते त्या खोलीचं होतं, आणि तीही.

श्यामसुंदर साहेबांची खुर्ची रिकामी होती. तीन पानांच्या थाटामाटाने त्यांनीच रिकामी केलेली. टेबलावर कोरा कागद, पेन. नंदकिशोर बसले. अक्षर आलं ते छापल्यासारखं : 'प्रशिक्षणार्थी कु. गार्गी नंदकिशोर देवस्थळी यांना आज रोजी कार्यमुक्त करण्यात येत असून त्यांच्या जागी'

इथे पेन थांबलं. झटकलं, तोंडाने फुंकलं. चालेना. का ते त्यांना ठाऊक होतं. बदली माणूस आल्याशिवाय कुणालाही सोडायचं नाही, हा नियम दाखवून त्यांनी किती तरी जणांच्या रजा अडवल्या होत्या. एकदा एका बाईची, तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात.

त्यांनी दहा पाठींकडे पाहिलं. त्यांना नावं नव्हती. संपूर्ण डायरीत नावं तीनच : साहेब, मुलगी, आणि पहिल्या पानावरच्या 'पालक' या रकान्यातलं.

नंदकिशोरांनी तिसरं नाव लिहिलं. पेन सुरेख चाललं.

गार्गीच्या हातातला कागद खाली पडला. तिने डोळे चोळले. "बाबा? तू काय करतोयस इथे? शी, कसला वास येतोय. मला जाम भूक लागलीय यार." मग तिला त्या पाठी दिसल्या आणि तिने बापाचा हात धरला. "चल ना. चल इथून."

नंदकिशोरांनी उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. "तू हो पुढे. आई वाट बघतेय."

"बाबा, चल म्हणते ना!" आता तिने ओढलं. टेबल ओढल्यासारखं वाटलं असणार, कारण तिचा चेहरा तसाच झाला जसा मघाशी त्यांचा झाला होता.

"ऐक. खाली गेलीस की एक वही घे. तारीख टाक. माझ्या नावाने लिही. मी उठलो, निघालो, घरी आलो, असं काहीतरी."

"मी?" गार्गी रडायला लागली होती. "बाबा, मी कधी लिहिलंय? पाचवीपासून माझ्या सगळ्या प्रयोगवह्या तूच लिहिल्यायस. निबंधसुद्धा. मला नाही येत."

"येईल."

"आणि चुकलं म्हणजे?"

त्यांनी तिच्या हातातून आपला हात सोडवला. "पळ," ते म्हणाले.

पावलं जिना उतरत गेली. मग ऐकू येईनाशी झाली. नंदकिशोर बसून राहिले. चहा आला नाही, कारण आज कुणी चहा लिहिला नव्हता. भूक, तहान, वेळ, काहीच नव्हतं. दहा पाठी मग्न होत्या. आपलीही पाठ आता मागून तशीच दिसत असेल, असा विचार मनात आला आणि तिथेच अडकून राहिला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक, टेबलावर फोन वाजला. या ऑफिसात फोन नव्हता. फोन लिहिला नव्हता, याची त्यांना शपथेवर खात्री होती. फोन लाल होता, वायरीचा, एका बाजूला कललेला, आणि त्यावर आकड्यांच्या जागी नुसते ठिपके होते.

त्यांनी उचलला.

"बाबा, मी घरी आहे. आई शेजारी आहे." गार्गी दम खात होती. "मी एक वाक्य लिहिलं. 'टेबलावर फोन होता.' लागला ना? लागला! आता सांग, पुढे काय लिहू? तू सांग, मी उतरवून घेते."

नंदकिशोरांच्या ओठांवर तयार वाक्यं आली. 'सदर कर्मचाऱ्यास'. 'उपरोक्त विषयान्वये'. एकाहून एक पक्की, कुणालाही हलू न देणारी. त्यांनी ती गिळली.

"माझं नको," ते म्हणाले. "तुझं लिही."

"पण बाबा..."

"तुझ्या शब्दांत. मी काही बोलणार नाही."

त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. पलीकडे वहीचं पान फडफडलं, वसुधा हळू आवाजात काही म्हणाली, गार्गीने नाक ओढलं. पेन कागदाला टेकल्याचा आवाज अजून आला नव्हता.